पेव उघडायला मैंदर्गीपर्यंत पायी

सन दोन हजार तेवीस. मला बहात्तरावं लागलं होतं, आणि माझ्या समजुतीप्रमाणं माणसाला जगायला जे जे लागतं ते सगळं मला येत होतं. शाळा चौथीपर्यंत झाली. पण मोट हाकली, विहीर बांधली, आभाळाकडं बघून पेरणीचा दिवस सांगितला, आणि लहानपणापासून पेवात उतरलो. हे सगळं मी पारावर बसून सांगायचो आणि पोरं मोबाईलमधून मान वर न काढता "व्हय तात्या, व्हय तात्या" करायची. आमचं गाव बार्शी तालुक्यातलं, वैरागजवळ. तिथून थोरल्या बहिणीच्या गावाला, म्हणजे अक्कलकोटच्या पलीकडं मैंदर्गीला, मी पायी गेलो. नातीनं वही हातात दिली आणि म्हणाली, तात्या, बोलता तसंच लिहा. म्हणून लिहितोय. ज्यांनी ही वाट पायी बघितली नाही त्यांच्यासाठी.

जायचं कारण पेव. ज्यांना पेव माहीत नाही त्यांना सांगतो. घराच्या अंगणात कोरडी, घट्ट जागा बघून खोल खड्डा घ्यायचा. वर तोंड एक माणूस उतरंल एवढंच, खाली पोट फुगीर, जसा काही रांजणच पुरलाय. दोन पुरुष खोल. आतून कडबा आणि भुसकट लावायचं, ज्वारी ओतायची, वर परत कडबा, तोंडावर फरशी आणि फरशीवर चिखल. मग वरून माणसं चालतात, गुरं बांधतात, पोरं खेळतात, आणि खाली ज्वारी निजलेली असते. सात-सात आठ-आठ वर्षं. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरात दाणा नव्हता तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, आणि मी ह्याच वाटेनं पायी मैंदर्गीला गेलो होतो. आक्काच्या सासऱ्यांनी पेव उघडलं. आत मी उतरलो. त्या ज्वारीवर आम्ही तगलो.

तर भाचा मल्लिनाथ याचा फोन सूनबाईच्या मोबाईलवर आला. "मामा, आई हट्टाला पेटलीया. अंगणात नवं घर बांधायचंय, पाया खोदायला शुक्रवारी दहाला जेसीबी येतुय. ती म्हणती आधी पेव उघडा. हितं पेवात उतरणारं आता कुणी राहिलं न्हाय. मी म्हणलं मशीननंच उकरू की."

मागून आक्कानं फोन ओढून घेतला. मला ती कानडीत तम्मा म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. "तम्मा, आईक. मालकांनी जायच्या वर्षी भरलेली ज्वारी हाय ती. आठ वर्षं झाली. ती मी मातीत मिसळून डंपरात जाऊ देणार न्हाय. तू येतूस का न्हाय? नसशील येत तर सांग, मी उतरते."

ती सत्त्याहत्तरची. मी म्हणालो, "मी जिता असताना तू उतरणार? शुक्रवारच्या आत तुझी ज्वारी वर काढून देतो." हा झाला एक शब्द.

दुसरा शब्द पारावर दिला. मैंदर्गीला निघालोय म्हणताच एकानं मोबाईलवर गाड्यांच्या वेळा काढून दाखवल्या. मला राग आला. म्हणालो, ह्या डबीबिगर तुमाला शेजारच्या गावाला जाता येत न्हाय, मी पायी जाणार. सूनबाई सविता म्हणाली, "तात्या, सकाळी यष्टीत बसला तर दुपारच्याला पोचताय."

"बहात्तरला चालत गेलो हुतो."

"तवा तुमी एकवीस वर्सांचं हुता."

"पाय त्येच हायत."

तिनं गपचूप मोबाईल पिशवीत घातला होता. तो मी काढून जात्यावर ठेवला आणि सोमवारी तांबडं फुटताना निघालो.

सोमवार, वडाळ्याच्या वाटेवर

पिशवीत कडक भाकरी, शेंगाची चटणी, दोन कांदे. खांद्यावर घोंगडी. कमरेला आबांचा चकमकीचा बटवा, त्यात पोलादाचा तुकडा, गारेचा दगड आणि कापूस. काडीपेटी मुद्दाम घेतली नाही.

संक्रांत होऊन आठ दिवस झालेले. दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी, कणसं भरलेली, दवानं जड झालेली. सूर्य वर आला तसा सगळ्या रानातून वाफ निघायला लागली. गाडीत बसून गेलं की हे रान हिरवी पट्टी होऊन पळतं. चालत गेलं की ते संपतच नाही. मी घरातून निघून कितीतरी वेळ झाला तरी समोरचं लिंबाचं झाड तेवढंच लांब. मला वाटलं, एवढी जमीन रोज इथंच होती आणि मी तिच्याकडं वर्षानुवर्षं यष्टीच्या खिडकीतून बघत होतो.

एका शेतकऱ्यानं हुरड्याची पाच-सहा कणसं दिली. ओढ्याकाठी गोवऱ्या, काटक्या गोळा केल्या, बटवा सोडला आणि चकमक झाडायला बसलो. ठिणगी पडायची, कापसावर बसायची आणि विझायची. परत झाडली. परत विझली. अंगठा सोलून रक्त आलं. एक धनगरीण मेंढरं घेऊन येऊन काठीवर हनुवटी टेकून उभी राहिली.

"बाबा, काय चाललंय?"

"जाळ करतुय."

"कवापासनं?"

"आत्ताच बसलोय."

"आत्ताच कुटलं! मी त्या टेकाडापलीकडं हुते तवापासनं ठकठक आईकतीय. मला वाटलं कुणीतरी जात्याला टाकी लावतंय."

तिनं कनवटीचा लायटर काढून पुढं केला. मी नको म्हणालो.

"आवो घ्या की. हुरडा काय तुमच्या हट्टावर भाजतुय व्हय?"

घेतला. जाळ झाला. मग तिनं बटव्यातला कापूस चिमटीत धरून बघितला. "ह्यो कच्चाच हाय की वो. आमचा म्हातारा कापूस आधी अर्धवट जाळून काळा करायचा, मग डबीत कोंडून ठेवायचा. काळ्या कापसावरच ठिणगी टिकती."

आबांना मी हजार वेळा चकमक झाडताना बघितलं होतं. कापूस कधी, कसा जाळून ठेवायचे ते एकदाही बघितलं नव्हतं. धनगरणीला मात्र मी म्हणालो, "कापूस जरा वलसर झालाय." ती हसली नाही. हुरडा चोळून माझ्या हातावर ठेवला, गरम, दुधाळ, गोड. खाता खाता तिनं मेंढरांकडं एकदाच नजर फिरवली आणि उठली. "एक मागं राहिलंय." मोजलं नव्हतं. दोनशेच्या वर जनावरं असतील. जाऊन काट्यात अडकलेलं कोकरू काढून आणलं. कसं कळलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "तुमच्या तोंडातला दात पडला तर जीभंला कळतं का न्हाय? तसं."

मंगळवार, सोलापूर

वडाळ्याच्या देवळात मुक्काम करून पहाटे निघालो. मोठ्या रस्त्यानं ट्रक अंगावर येतात म्हणून आबांची जुनी गाडीवाट धरली. वाट खुणेच्या आंब्यापर्यंत होती. आंबा नव्हता. पुढं ऊस लागला, उसापुढं तारेचं कुंपण, आणि कुंपणाच्या आत रानभर काळ्या काचा, सगळ्या सूर्याकडं तोंड करून तिरक्या मांडलेल्या. उन्हातून वीज करतात म्हणे. माणूस एकही नाही, आवाज नाही, आणि तेवढ्या शांतपणात ते ऊन पीत उभं. मी तारेला हात लावून किती वेळ बघत राहिलो कोण जाणे. ज्वारीही हेच करते, पण ज्वारी करते त्याचं मला कधी नवल वाटलं नव्हतं.

नवल करून झाल्यावर कळलं की वाट चुकलोय. तास-दीड तास फिरून परत त्याच कुंपणाशी आलो. तिथं एक बाई स्कूटीवर उभी. शाळेत शिकवायला निघाली होती, नवीन बदली, वाट ठाऊक नाही. तिनं मला मोबाईलमध्ये निळा ठिपका दाखवला. "आजोबा, हा ठिपका म्हणजे आपण."

"आपण दोघं एकच?"

"उभे एकाच जागी आहोत ना."

मी तिच्या हातातला मोबाईल घेऊन दहा पावलं चाललो. ठिपका चालला. मागं आलो, मागं आला. आभाळात कुठंतरी काहीतरी टांगलंय आणि ते मला, वैरागकडच्या ज्ञानोबाला, एवढ्या रानात ओळखून धरतंय. अंगावर काटा आला, खोटं कशाला लिहू.

"मग आता जायाचं कुटं ते सांगंल न्हवं ते?"

"सांगतंय ना. सरळ जा म्हणतंय."

सरळ तर कुंपण होतं. ती तिच्या मोबाईलकडं बघत होती, मी आंब्याची जागा शोधत होतो. दोघंही सारखेच हरवलेले. शेवटी उसाला पाणी पाजणाऱ्या माणसानं हातातलं खोरं वर करून डावीकडं दाखवलं आणि परत पाण्याकडं वळला.

सोलापुरात उस्मानभाईकडं उतरलो. पूर्वी हा ट्रकवर होता, आमच्या बाजाराला ज्वारी भरायला यायचा, तेव्हापासूनची ओळख. दारात मला बघून ओरडलाच.

"अरे ज्ञानू! चलते आया? कायकू रे? यष्ट्या बंद हुये क्या?"

टाचेला लिंबाएवढा फोड आला होता. भाभींनी मिठाचं कोमट पाणी दिलं. उस्मानभाईनं सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढला आणि दोरा आतच ठेवून दोन्हीकडून कापला. "धागा अंदर रहने दे. पानी आपोआप निकलता, चमडी नहीं निकलती. लंबे रस्ते पे क्लीनरों के पाँव ऐसेच ठीक करते थे." तासाभरात ठणका निम्मा झाला. मग तो मुलाबद्दल सांगायला लागला. मुलगा आता गाडी चालवतो. "मेरे कू सारे रस्ते याद. उसके बाजू में बैठके रस्ता बोला तो बोलता, अब्बा, चूप बैठो, मोबाईल में बाई बोलरी."

"घर में भी बाई बोली तो तुमने कब सुने?" भाभी आतून म्हणाल्या.  त्यांच्या हातचं खाऱ्या मटणाचं पाणी मी दोन वाट्या प्यालो. आमच्याकडं जेवताना पाहुण्याला आग्रह करून करून जेरीस आणतात. त्यांच्याकडं आग्रह तोंडानं होत नाही, ताट रिकामं दिसलं की वाढलेलंच असतं.

बुधवार, वळसंग

बुधवारचं फार सांगण्यासारखं नाही. पुलांवरून, पुलांखालून सोलापूर संपायलाच अकरा वाजले. वळसंगपर्यंत पोचेपर्यंत फोड बरा पण उजवा गुडघा सुजलेला. मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर पडलो. गावातली माणसं एक वाक्य मराठीत बोलत होती, दुसरं कानडीत. एका आजीनं भाकरी आणून दिली. आमच्या भाकरीपेक्षा पातळ, कागदासारखी, आणि वर शेंगाच्या चटणीचा डोंगर. तिला मी मैंदर्गीला पायी चाललोय म्हणालो तेव्हा तिनं माझ्या गुडघ्याकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं, आणि कानडीत काहीतरी म्हणाली. बाजूचा माणूस हसला. काय म्हणाल्या विचारलं तर सांगेना.

गुरुवार, मैंदर्गी

त्या दिवशी सव्वीस जानेवारी. वाटेवरच्या शाळेत झेंडा वर गेला तेव्हा मी रस्त्यावरच काठी बाजूला ठेवून उभा राहिलो. शाळेतल्या बाईंनी बोलावून जिलेबी दिली. अक्कलकोटात पोचलो तेव्हा उन्हं माथ्यावर होती आणि गुडघा वाकत नव्हता. मैंदर्गी अजून पुढं. माझ्या चालीनं अंधार पडला असता, आणि पेव उघडायला दिवसाचा उजेड लागतो एवढं मला ठाऊक होतं. सकाळी दहाला मशीन.

चौकातल्या कट्ट्यावर बसून दोन्ही शब्द समोर मांडले. एक पारावरचा, एक आक्काचा. वडापवाला ओरडत होता, "मैंदर्गी, मैंदर्गी, एकच शीट!" त्याच्या जीपमध्ये अकरा माणसं होती.

बसलो. पारावर हे अजून कुणाला बोललो नाही. इथं लिहितोय.

आक्का दारातच होती. "बा तम्मा, बा," म्हणजे ये, ये, असं म्हणत तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी पायी निघाल्याचं सविताकडून तिला कळलेलं होतं, तिनं लगेच विचारलं, "कुटनं बसलास?"

"अक्कलकोटातनं."

"बरं केलंस. वळसंगातनंच बसायला पायजे हुतं." पन्नास वर्षं कानडी मुलुखात राहून तिची मराठी गोल झालीय, पण बोचायचं तिथं बोचते. सणाची म्हणून गव्हाची हुग्गी केली होती, गुळातली, तुपानं भरलेली. आमच्याकडं खीर पातळ असते, ही चमच्यानं कापावी लागते. मी भरभर खाल्ली. मला पेव दिसत होतं.

मल्लिनाथ आणि मी पहारीनं चिखल फोडला. टणक, जसा काही दगडच. खालून फरशी निघाली. फरशीच्या फटीत पहार घालून उचलली तेव्हा आतून वास आला. आंबूस, उबदार, ओल्या कडब्याचा, जुन्या माणसाच्या अंगाला येतो तसा. मला एकदम दहा वर्षांचा झाल्यासारखं वाटलं. वरचा कुजका कडबा काढला. त्या वर्षी दाजींनी पेव निम्मंच भरलं होतं, त्यामुळं खाली सगळी पोकळी आणि तोंड काळंभोर. मी धोतर खोचलं, काठावर बसलो आणि पाय आत सोडले. मल्लिनाथ शिडी आणायला वळला. गल्लीतली चार माणसं जमली होती. ती बघतायत हे मला बरं वाटत होतं.

"निल्लु!" आक्का ओरडली. थांब म्हणजे. "पाय काढ भायेर."

"का गं?"

"दिवा सोडायचा हाय."

मी म्हणालो, "पूजा नंतर करू, आक्का. उजेड जायाच्या आत बघून घेतो."

"पाय काढ म्हणते ना!"

लहानपणीही हे असायचं. पेव उघडलं की आई माझ्या कपाळाला कुंकू लावायची, नारळ फुटायचा, आक्का दिवा आत सोडायची, मग मी उतरायचो. पेवातल्या देवाला ओवाळतात, एवढंच मला ठाऊक. नारळ-कुंकवातलाच तो दिवा. बायकांचं काम. मी पाय बाहेर घेतले ते तिचा मान म्हणून.

तिनं डब्याच्या झाकणाला तीन भोकं पाडून तागडीसारखे दोर बांधले होते. त्यात पणती ठेवली. पेटवली. मांडी घालून काठावर बसली आणि दोर हळूहळू सोडायला लागली. वारा नव्हता. ज्योत सरळ होती. हातभर आत गेली तरी सरळ. छातीएवढ्या खोलीवर गेली तशी ज्योत बारीक झाली. पिवळी होती ती निळसर झाली. आणखी वीतभर, आणि कुणीतरी चिमटीत धरावी तशी विझली.

फडफडली नाही. आवाज नाही. विझलेल्या वातीचा धूर वरही आला नाही. तिथंच आडवा पसरून तरंगत राहिला, पाण्यावर तेल राहतं तसा.

आक्कानं दोर वर ओढला, पणती पेटवली, परत सोडली. सरळ, सरळ, बारीक, निळी, गेली. त्याच जागी. तिसऱ्यांदा मी स्वतः बघितलं, काठावर आडवा पडून. तिथं आत काहीतरी भरलेलं होतं, जसं विहिरीत पाणी. त्याला रंग नाही, वास नाही, रेघ मात्र होती, आणि ती रेघ फक्त त्या दिव्याला दिसत होती. माझे पाय काही वेळापूर्वी त्या रेघेच्या हातभर वर लोंबत होते.

गल्लीतली माणसं दोन पावलं मागं सरली. मल्लिनाथ शिडी घेऊन उभा होता, ती त्यानं जमिनीवर आडवी टाकली. 

मी म्हणालो, "आक्का, हे तुला कुणी शिकीवलं?"

"आबांनी."

"मला न्हाय शिकीवलं."

"तू कवा इचारलंस? तू लंगोट कसून, छाती काढून हुबा असायचास. शूरवीर! आबा तुझ्याकडं बघत बी नव्हते. मला इचारायचे, दिवा कसा हाय गं? हाय म्हणलं की तुला सोडायचे." मग ती थोडी थांबली. "एकदा दिवा गेला, आन तू तर निम्मा उतरला हुतास, कुणाचं न आइकता. ध्येनात हाय?"

ध्यानात होतं. त्या दिवशी आबांनी मला केसांना धरून वर काढलं आणि सगळ्या गावासमोर थोबाडीत मारली. मला वाटलं मी घाई केली म्हणून, पूजा मोडली म्हणून. तो मार मी साठ वर्षं मनात ठेवला. आबा गेले तेव्हाही तो मनात होता. त्यांनी मला मारलं नव्हतं, मरणातून उपसून काढलं होतं, आणि हे मला मैंदर्गीच्या अंगणात, बहात्तराव्या वर्षी, काठावर आडवं पडून कळलं. मी तसाच पडून राहिलो. मला उठावंसं वाटेना. आयुष्यभर पारावर सांगत आलो की मला पेवात उतरायला येतं. उतरायला तर कुणालाही येतं, दगडसुद्धा उतरतो. कधी उतरायचं ते माझ्या हातात एकदाही नव्हतं. ते एका पोरीच्या हातातल्या दोरीवर होतं आणि मी तिच्याकडं कधी मान वळवून बघितलं नव्हतं.

"किती येळ थांबायचं?" मल्लिनाथनं विचारलं आणि मोबाईल काढून त्याला तेच विचारलं. बराच वेळ वाचत होता. मग म्हणाला, "आई, ह्यात लिवलंय की आत जाऊच नका."

"बघ," आक्का म्हणाली, "त्येला बी कळतंय. तुज्या मामापेक्षा श्याणं हाय."

सगळे हसले. मीसुद्धा.

तिनं लिंबाचा मोठा डहाळा तोडायला लावला, दोरीला बांधला, मग मल्लिनाथनं आणि मी आळीपाळीनं तो पेवात खालीवर केला, विहिरीतून पाणी शेंदावं तसा. वरची हवा आत जावी म्हणून. दिवस मावळेपर्यंत. गुडघा ओरडत होता, तिकडं लक्ष दिलं नाही. मग तोंडावर बोराटीचे काटे टाकले, कुत्रं-मांजर पडू नये म्हणून, आणि पेव उघडं ठेवलं.

मल्लिनाथला काळजी मशीनची. शुक्रवारचं काम झालं की ते पुढच्या गावाला जाणार. "सकाळी बी दिवा इझला तर, आई?"

"तर मशीन बसंल. म्या सांगते त्येला."

ज्वारी कशी निघाली ते वाचणाऱ्याला आधीच सांगून टाकतो, उगीच टांगून ठेवत नाही. कडेची हातभर काळी पडून ढेकळं झाली होती, ती गुरांनाही घातली नाही. पण पोटातली, मधली, पिवळसर आणि कोरडी, मूठ वळली की बोटांतून सळसळ गळणारी. बी म्हणून चालणार नाही, आक्का म्हणाली, पेवातली ज्वारी उगवत नाही, बियाणं राखेत वेगळं ठेवायचं असतं. पण खायला चालते. भाकरीला पेवाचा तो आंबूस वास येतो, तो नव्या माणसाला सोसत नाही. जेसीबीवाल्यानं मात्र तीन भाकरी खाल्ल्या आणि म्हणाला की त्याच्या आजीच्या घरचा वास आहे. आक्कानं पहिला घास तोंडात घेतला आणि बराच वेळ चावला नाही, तसाच धरून ठेवला.  दाजींची ज्वारी होती.

आता शुक्रवारची सकाळ.

मी सगळ्यांच्या आधी उठलो. तोंड धुतलं, काटे बाजूला केले, पणतीत तेल घातलं, वात नीट केली. पेटवली. पण सोडली नाही. आत जाऊन आक्काला उठवलं आणि दोर तिच्या हातात दिला. ती काठावर मांडी घालून बसली. तेवढ्यात मशीन आलं, दहाच्या बरंच आधी, आणि दारात उभं राहून धडधडायला लागलं. मी जाऊन ड्रायव्हरला ते बंद करायला लावलं. त्यानं काय झालं विचारलं. मी म्हणालो, खाली उतर आन बघ.

आक्कानं दोर सोडला. छातीच्या खोलीवर ज्योत सरळ. त्याच्या खाली सरळ. शिडीच्या शेवटच्या पायरीएवढी खाली गेली, ज्वारीला टेकली, आणि तिथं आत पिवळा उजेड पडला. माझे पाय उतरायला शिवशिवत होते. मी लंगोट कसलेला होता, कमरेला दोरी बांधलेली होती, आणि दिवा जळतोय हे मला माझ्या डोळ्यांनी दिसत होतं.

मी तिच्या शेजारी बसलो आणि विचारलं, "आक्का, उतरू का?"

ती दिव्याकडं बघत होती. मी हात मांडीवर ठेवले आणि तिच्या तोंडाकडं बघत थांबलो.